पातेल्यातले उणे दोनशे ग्रॅम

हॉलंडला जायचं माझं राहून गेलं ते वरणामुळे. असं सांगितलं की लोक हसतात. मीही हसू देते, कारण नीट सांगायचं तर वेळ लागतो, आणि त्यात माझी बाजू काही फारशी चांगली दिसत नाही.

देशाचे दरवाजे उघडून चार-पाच वर्षं झाली होती. हैदराबादेत आमच्या बरकतपुऱ्यात गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी बूथं उघडली होती आणि प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी परदेशी निघालं होतं. माझा दादा हिमायतनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. तो जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. मी मात्र शेतकी कॉलेजात. "चिखल तुडवायला कुणी विमानानं जातं होय?" असं आमच्या एका नातेवाईक बाईंनी मला भर लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं. मी तिथंच त्यांना उलट बोलले आणि घरी येऊन आईची बोलणी खाल्ली. तेव्हा मी नाकावर माशी बसू देत नसे.

त्यामुळे तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात ती योजना आली तेव्हा मला त्या बाईंचा चेहराच आधी आठवला. योजना अदलाबदलीची होती. हॉलंडमधली एक विद्यार्थिनी तीन महिने हैदराबादेत येणार, शहरातली कुटुंबं काय आणि किती खातात याचा अभ्यास करणार. आमच्यातला एक जण तिचा जोडीदार. म्हणजे दुभाषी, वाटाड्या, हमाल सगळंच. काम तिच्या तिकडच्या प्रोफेसरांना पसंत पडलं, की त्या जोडीदाराला सहा महिने हॉलंडला प्रशिक्षण, तेही तिकिटासकट. मला तेलुगू येत होतं, दखनी, म्हणजे इथली हैदराबादी उर्दू, येत होती, इंग्रजी धकून जात होतं आणि बरकतपुऱ्यातली निम्मी मराठी घरं ओळखीची होती. सरांनी माझं नाव दिलं.

बाजारात तुरी म्हणतात तसं आमच्या घरी झालं. आईनं त्याच आठवड्यात आबिड्सच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी जाड लोकरीचा स्वेटर आणला आणि मे महिन्यात तो मला घालून बघायला लावला. गल्लीतल्या ज्या ज्या घरी ती हळदीकुंकवाला गेली, तिथं तिथं मी हॉलंडला पोचले.

पाहुणी आली. सहा फुटांना दोन बोटं कमी, गोठ्याच्या घरात वाढलेली, गालांवर उन्हाचे लाल चट्टे आणि बोलणं एकदम सरळ. मनात आलं की ओठावर. पहिल्याच भेटीत तिनं बाबांना विचारलं, "तुमच्या पोटाचा घेर मोजू का? फॉर्मात रकाना आहे." आमच्या घरात तीन पिढ्या जमीनमोजणीच्या खात्यात गेलेल्या. पणजोबा आणि आजोबा निजामाच्या दफ्तरात होते, बाबा सरकारी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी तरी मोजत होतं. बाबा श्वास आत ओढून उभे राहिले. तिनं शांतपणे सांगितलं, "श्वास सोडा." आणि मोजून घेतलं.

तिच्याकडे एक पांढरा, चपटा, बॅटरीवर चालणारा काटा होता. पद्धत अशी की शिजवायच्या आधी कोरडं धान्य तोलायचं, शिजल्यावर पातेलं तोलायचं, मग प्रत्येकाचं ताट वाढून झालं की तोलायचं आणि उठताना ताटात राहिलेलंही तोलायचं. मधे कुणी काही वाढलं तर तेही आधी काट्यावर. एकेका घरी दोन दोन दिवस, अशी आठ घरं. पहिलं घर आमचं.

आता ही पद्धत ज्यानं काढली तो कधी मराठी घरात जेवला नसावा. आमच्याकडे पाहुण्याच्या समोर कुणी वरण-भाकरी ठेवत नाही, आणि इथं तर पाहुणी ते लिहून घेऊन परदेशात दाखवणार होती. आदल्या दिवशी आईनं मला विचारलं, "हे सगळं तिकडं छापून येणार?"

"अहवाल करणार ती. आपण रोज खातो तेच कर, आई. तेच पाहिजे तिला."

"रोज खातो ते?" आईनं बाबांकडे पाहिलं. "अहो, ऐकलंत का?"

बाबा पेपराआडून म्हणाले, "मुआयना करायला साहेब आला तर कोणी पिठलं दाखवतं का? इज्जतीचा सवाल आहे."

दुसऱ्या दिवशी श्रीखंड-पुरी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, भज्यांचे दोन प्रकार. आई पुरी घेऊन कुणाच्या तरी ताटाकडे वाकायची आणि पाहुणी ओरडायची, "थांबा!" पुरी हवेतच राहायची. मग ती काट्यावर यायची, आकडा लिहिला जायचा आणि मग ताटात. आईला हे फार अपमानाचं वाटलं. वाढण्यात जो झपाटा असतो तोच तिच्या हातातून गेला. तरी तिनं एक वाट काढली. पाहुणी मान खाली घालून आकडा लिहायला लागली की आई तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं तूप सोडायची.

पाहुणीनं बाबांना विचारलं, "आज सण आहे का?"

"येस," बाबा म्हणाले. "टुडे इज ट्यूजडे. व्हेरी ऑस्पिशस."

"आणि उद्या?"

"वेन्सडे ऑल्सो."

आमच्या घरात काय झालं ते गल्लीत कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या घरी बासुंदी होती. तिसऱ्या घरी, आमच्याकडे दोन प्रकारची भजी होती हे कळल्यामुळे, तीन प्रकारची. चौथ्या घरच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या आईनं काय काय केलं होतं गं, खरं सांग." पाचव्या घरी मोत्याच्या दागिन्यांसकट नऊवारी नेसून जेवण वाढलं गेलं. सोळा दिवस आम्ही दोघी बरकतपुऱ्यात सण खात फिरलो. मला हे सगळं दिसत होतं. पण प्रत्येक घरात कुणी काकू, कुणी मावशी. आकडे खोटे आहेत असं तिला सांगितलं असतं तर गल्लीतून माझी वरातच निघाली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प राहिले. पाहुणीची वही भरत गेली आणि चेहरा पडत गेला. एकदा बसमध्ये ती म्हणाली, "तुमच्या शहरात अन्नसुरक्षेचा अभ्यास करायला मला का पाठवलं तेच मला कळत नाही."

तिच्या प्रोफेसरांनाही कळलं नाही. आबिड्सच्या एका फॅक्सच्या दुकानात आम्ही आकडे पाठवले आणि दोन दिवसांनी त्याच दुकानात उत्तर आलं. दुकानदारानं ते आधी स्वतः वाचलं होतं आणि आमच्याकडे दयेनं बघत होता. प्रोफेसरांनी लिहिलं होतं की या आकड्यांवरून त्या शहराला अन्नतज्ज्ञाची नव्हे, दंतवैद्याची गरज दिसते. एक तर काटा बिघडला आहे, नाही तर माणसं आपल्याला दाखवायला जेवत आहेत. एकच घर घ्या, सलग सात दिवस, पण खरं. ते जमलं नाही तर अभ्यास बंद.

अभ्यास बंद म्हणजे माझं हॉलंड बंद. मी फूटपाथवरच म्हटलं, "आमचं घर घे. मी जबाबदार." त्या शब्दाची किंमत मला तेव्हा माहीत नव्हती.

घरी आईशी जे भांडण झालं ते शेजारच्यांनी खिडकीशी येऊन ऐकलं. आईचं म्हणणं, आलेल्या पोरीला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली तर ती म्हणेल यांच्या घरी काही नाही. माझं म्हणणं, श्रीखंड वाढलं तर मी मरेपर्यंत इथंच राहीन. शेवटी मी स्वेटर आणून तिच्या मांडीवर टाकला आणि म्हटलं, "हा मग गुंडाळून ठेव." आई थोडा वेळ त्याच्यावरून हात फिरवत बसली. मग उठून म्हणाली, "उद्या काय, वांगी चालतील का तुझ्या प्रोफेसरला?"

खरं जेवण सुरू झालं. सकाळी साडेनवाला, ऑफिसच्या आधी, बाबा, दादा, मी आणि पाहुणी जेवायला बसायचो. संध्याकाळी पाहुणी नसायची, तेव्हा काटा माझ्याकडे. वरण, भात, भाकरी, एक भाजी, ताकाचा पेला. पाहुणीला भाकरी इतकी आवडली की ती काट्याकडे न बघता खायची. आता ती थोडी दखनीही शिकली होती. आईनं वाढायला हात पुढे केला की ती म्हणायची, "नक्को, नक्को." पण आमच्याकडे पहिला नकार म्हणजे शिष्टाचार, दुसरा म्हणजे संकोच, आणि तिसऱ्यानंतरही वाढणारी वाकलेलीच राहिली तर मुकाट्यानं घ्यायचं असतं. पाहुणी तीनदा म्हणून थकायची आणि ताट पुढे करायची.

"चिमणीएवढं खाल्लं पोरीनं," आई म्हणायची. "सांग तिला, कायकू शरमायचं?"

आता माझ्या पराक्रमाचा भाग. तक्त्यात घरातल्या प्रत्येक माणसाचा एक रकाना होता. बाबांचा, दादाचा, माझा पाहुणीच्या समोर भरला जायचा. आईचा मी भरायचा होता, कारण ती मागाहून जेवायची. "तुमचं होऊ दे, माझं काय, मी घेते नंतर," हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत होते. आम्ही दोघी दहाला घराबाहेर पडायचो. आई बारा-साडेबाराला कधी तरी जेवायची. संध्याकाळी ती जेवायची तेव्हा मी पुढच्या खोलीत आकडे उतरवत असायचे. पहिल्या दिवशी रकाना रिकामा दिसला. मी विचार केला, आई साधारण माझ्याएवढीच. आणि तिच्या रकान्यात माझेच आकडे थोडे इकडे-तिकडे करून लिहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. गल्लीतल्या सगळ्या काकवांना मी मनातल्या मनात खोटारड्या म्हणत होते, हे लक्षात घ्यावं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दादा म्हणाला, हाताने कशाला बेरजा करता, क्लासातल्या कॉम्प्युटरवर टाकू. हिमायतनगरला त्या थंडगार खोलीत, चपला बाहेर काढून, आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. शिजलेलं किती, त्यातून सगळ्यांच्या ताटातलं वजा, राहिलं ते पातेल्यात उरलेलं, असं गणित. दादानं बटण दाबलं. वरणाच्या पातेल्यात उरले होते उणे दोनशे ग्रॅम.

"उणे कसं?" दादा म्हणाला. पुन्हा दाबलं. भातही उणे. भाकरी उणे. चारही दिवस उणे. आमच्या घरात जेवढं शिजत होतं त्यापेक्षा जास्त खाल्लं जात होतं.

पाहुणीनं काट्यावर संशय घेतला. बॅटऱ्या बदलल्या, तेच. मग आम्ही काटा घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो आणि दुकानदाराचं एक किलोचं लोखंडी वजन त्याच्यावर ठेवलं. काट्यानं नऊशे चाळीस दाखवलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे.

"ये फॉरेन का काटा है, बेटा, इसको क्या समझता अपना वजन," दुकानदार म्हणाला आणि वजन उचलून गल्ल्याखाली ठेवलं. शेवटी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवून पाहिली. ती बरोबर भरली. काट्यात काही खोट नव्हती.

परत येताना पाहुणीनं मला विचारलं, "तुमच्या घरात मांजर आहे का?" मी नाही म्हटलं. मग मला उगाच घाम आला. मांजर नसताना अन्न उणं होत असेल तर लिहिणाऱ्याचा हात तपासावा लागतो, आणि तो हात माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवून निघाले, पाहुणीला पुढे पाठवलं आणि पुढच्याच स्टॉपवर बसमधून उतरून, दोन तास इकडे-तिकडे काढून घरी आले. बारा वाजून गेले होते. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. ताट नव्हतंच, भाताच्या पातेल्याचं झाकण उलटं करून त्यात अर्धी भाकरी घेतली होती. भाताची खरवड काढून ती त्यात टाकली. मग वरणाच्या पातेल्यात थोडं पाणी घातलं, ते गोल फिरवून विसळलं आणि भाकरीवर ओतून घेतलं. इतक्या सराईतपणे, की ती हे रोजच करते हे कुणी सांगायला नको.

"हे काय, आई?"

ती दचकली. "तू कायकू आलीस परत? काही विसरलीस?"

"हे तुझं जेवण?"

"मग काय ताट-पाट मांडून बसू एकटीसाठी? मला भूकच नसते गं. स्वयंपाकाच्या वासानंच पोट भरतं."

"मग जास्त शिजव ना. आपल्याकडे काय ज्वारी नाही? तांदूळ नाहीत?"

"आणि उरलं तर?" आता आईलाही राग आला. "शिळं बाबा खात नाहीत. दादा खात नाही. तू तर झाकण उघडून नाक मुरडतेस. मलाच संपवावं लागतं. त्यापेक्षा थोडं कमी पडलेलं बरं."

"आणि त्या पोरीला एवढा आग्रह?"

"मग उपाशी पाठवू? परक्या मुलखातनं आलेलं लेकरू."

मी वर्गात अन्नसुरक्षेची व्याख्या पाठ केली होती, परीक्षेत तिच्यावर चांगले गुणही मिळवले होते. आमच्या घराची अन्नसुरक्षा झाकणात भाकरी घेऊन ओट्याशी उभी होती आणि मी तिच्या नावासमोर माझे आकडे लिहीत होते. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते, म्हणून मी आणखी थोडं भांडले. आई म्हणाली, "आता आलीच आहेस तर दोन घास खा." झाकण तिनं माझ्याच पुढे सरकवलं.

पाहुणीला मी खरं सांगितलं. तिचे आधीच लाल असलेले गाल कानापर्यंत लाल झाले. "मी तीनदा नको म्हणून मग घेतली ती भाकरी तिची होती?" तिनं विचारलं. "मग ती मला तीनदा का विचारत होती?" मी म्हटलं, "तू चौथ्यांदा नको म्हणाली असतीस तर तिला वाईट वाटलं असतं." दुसऱ्या दिवशी ती डब्यात स्वतःचे पावाचे तुकडे घेऊन आली. आईनं तो डबा पाहिला आणि मला म्हणाली, "माझ्या हातचं आवडत नाही तर तसं सांगायचं म्हणावं." शेवटी पाव दादानं खाल्ला आणि पाहुणीनं भाकरी. पण त्या दिवसापासून सकाळी परातीत दोन मुठी पीठ जास्त पडायला लागलं. ते मी टाकत होते, आई पाठमोरी असताना.

झाकणाचा तो दिवस धरून मोजायचे राहिले होते तीन दिवस. पाहुणी म्हणाली, "आता तिचं ताट तू समोर बसून तोल." त्याच संध्याकाळी आई फोटो काढायला बसतात तशी पाटावर बसली. दोन भाकऱ्या, भाताचा डोंगर, वाटीभर तूप. मी म्हटलं, "आई, रोज घेतेस तेवढंच घे."

"रोज म्हणजे किती?" तिनं विचारलं.

मला वाटलं ती टाळतेय. पण ती खरंच विचारत होती. तिला माहीतच नव्हतं. उरेल तेवढं, हेच तिचं माप. आणि उरायचं किती ते बाबांच्या, दादाच्या, माझ्या आणि पाहुणीच्या भुकेवर. तिच्या स्वतःच्या भुकेचा आकडा कुणाकडेच नव्हता. तिनं तो डोंगर संपवायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर थांबली आणि ताटात टाकून उठावं लागतं याची तिला इतकी लाज वाटली, की मी उरलेलं खाल्लं आणि आमच्या दोघींचे आकडे पुन्हा चुकले. शेवटचे दोन दिवस मी तिच्याबरोबर जेवायला बसले. मग कुठे काही खरं कागदावर आलं. ते माझ्या जवळपास अर्धं होतं.

पहिल्या चार दिवसांचं काय, हा प्रश्न राहिला. तक्ता माझ्या अक्षरातला, पक्की प्रत मीच करणार. मी सरांकडे गेले. सर तेलुगू, पण आमच्याशी दखनीत बोलायचे, आणि माझ्यावर त्यांचा खरा जीव होता. त्यांनी चष्मा वर करून आकडे पाहिले.

"इत्ता कायकू परेशान होरी, अम्मा? खाया सो कम नई करना. भगोना थोडा बड़ा लिख दे. बस."

म्हणजे शिजलेलं वाढवायचं. प्रत्येक दिवशी वरणात पाव किलो जास्त लिहिलं की उणे गेलं, तक्ता जुळला, मी हॉलंडला. पाहुणी फक्त म्हणाली, "तुझं अक्षर आहे. तूच ठरव." असलं सरळ बोलणारी माणसं फार त्रास देतात.

मी दोन दिवस पेन घेऊन बसले. पातेलं मोठं करायला हात जातच नव्हता असं नाही, एकदा केलंही. मग ते मोठं पातेलं मला आईच्या हातात दिसलं, पाणी घालून विसळताना. मी पान फाडलं. आईच्या रकान्यात पहिल्या चार दिवसांपुढे लिहिलं: "तोललेलं नाही. न बघता, मी माझ्या मनानं लिहिलं होतं." खाली सही केली. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं नाही.

पाहुणी गेली. जाताना तिनं आईला मिठी मारली, आणि कुणाला मिठी मारायची सवय नसलेली आई तिच्या काखेखाली बराच वेळ अवघडून उभी राहिली. महिनाभरानं सरांनी सांगितलं, फॅक्स आलाय, आबिड्सला जाऊन घेऊन ये. दुकान उघडायच्या आधीच मी जाऊन उभी राहिले. या वेळी दुकानदारानं माझ्याकडे पाहिलंच नाही, म्हणून वाचायच्या आधीच कळलं. पाहुणीच्या अहवालाचं कौतुक होतं. घरातली बाई शेवटी जेवते तेव्हा पातेल्यात काय असतं, हाच त्याचा गाभा ठरला होता. जोडीदाराच्या प्रांजळपणाबद्दल आभार होते. आणि प्रशिक्षणाची जागा नोंदींबाबत अधिक काटेकोर असलेल्या विद्यार्थ्याला द्यावी असं सुचवलं होतं. माझ्या वर्गातला एक मुलगा गेला. चांगला होता बिचारा. मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही.

घरी आले तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते, दादा बूट पुसत होता. आई माझ्यासाठी वाटेतल्या खाण्याची चटणी कुटत होती. मी फॅक्स ओट्यावर ठेवला आणि सांगितलं.

"दुसऱ्या कुणाला दिलं? का पण?"

"तुझा रकाना मी न बघता भरला होता. आणि न बघता भरला असं कळवलं."

"माझ्या जेवणापायी?" आईनं बत्ता खाली ठेवला. "कुणी विचारलं होतं गं तुला? कुणाला काय पडलंय मी काय खाते त्याचं? तूच सांगितलंस ना, सर म्हणाले भांडं मोठं लिही म्हणून? एवढंसं खोटं तुला चार दिवस निभावता आलं नाही? मी चोवीस वर्षं निभावतेय."

दादाचा बुटावरचा हात थांबला. आईचं बोलणं बहुधा तिचं तिलाच ऐकू आलं, कारण ती एकदम चटणीत काही तरी शोधायला लागली. मी चार पाट मांडले, चौथ्याला ताट लावलं आणि म्हटलं, "आई, आज आमच्याबरोबर बस."

"माझं झालं की मघाशीच," आई म्हणाली.

कुकरची अजून पहिली शिट्टीही झाली नव्हती.